तीन गट, दोन मैदानं, दीड दिवस: मंडळाच्या कबड्डी स्पर्धेचं गणित

सांगली जिल्ह्यात कुठल्याही मंडळाने शनिवार-रविवार कबड्डी ठेवली की पत्रिकेवर साधारण तीन ओळी दिसतात: ४५ किलो, ५५ किलो आणि खुला गट. बघणाऱ्याला वाटतं खेळ एकच, पोरं तेवढी लहान-मोठी. खरं तर हे तीन वेगळे खेळ आहेत. मैदानाचं माप वेगळं, डावाची वेळ वेगळी, गुण येण्याची वाटही वेगळी. खेळाडू चांगले असूनही स्पर्धा फसते तेव्हा कारण बहुतेक वेळा वजनकाट्यावर, चिठ्ठ्यांमध्ये नाहीतर घड्याळात सापडतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

वजनगट कशासाठी?

राष्ट्रीय पातळीवर वय आणि वजन दोन्ही बघतात. किशोर-किशोरी गट १६ वर्षांखालचा आणि ५५ किलोपर्यंतचा. कुमार गट २० वर्षांखालचा, त्यात मुलांना ७० आणि मुलींना ६५ किलोची मर्यादा. पुरुष ८५ किलोपर्यंत, महिला ७५ किलोपर्यंत. गावच्या स्पर्धेत मात्र ३५, ४५, ५५, ६५ किलो असे वजनाचेच गट पाडतात, कारण वयाचे दाखले तपासण्यापेक्षा काटा लावणं सोपं जातं. त्यातली अडचणही माहीत असू द्या. फक्त वजन धरलं तर ४५ किलोत तेवीस वर्षांचा बारीक, तयार खेळाडू आठवीतल्या पोरांसमोर उभा राहू शकतो, आणि राहतोच. त्यामुळे लहान गटांना वजनासोबत वयाची अटही घाला, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड दोन्ही मागा, आणि ही अट पत्रिकेवर छापा. आयत्या वेळी सांगितलेली अट कोणी मानत नाही.

वजन घेताना काटा फरशीवर किंवा जाड प्लायवर ठेवा. मंडपातल्या सतरंजीवर किंवा मातीवर ठेवलेला इलेक्ट्रॉनिक काटा चुकीचं वजन दाखवतो, आणि काटा जरा सरकवला की आकडा बदलतो. मग वाद पेटतो. सुरू करण्याआधी शिक्क्याची २० किलोची दोन वजनं ठेवून काटा बरोबर ४० दाखवतो का ते सगळ्या संघनायकांसमोर बघा. पाव किलोची सूट द्यायची की नाही, कपड्यांसह वजन की फक्त चड्डीवर, हे आधी लिहून ठेवा. पास झालेल्या खेळाडूच्या मनगटावर न पुसणाऱ्या शाईची खूण करा आणि यादीवर त्याचा फोटो चिकटवा. एकाने वजन द्यायचं आणि दुसऱ्याने खेळायचं, हा प्रकार त्याने थांबतो.

वजन कधी घ्यायचं, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. आदल्या रात्री घेतलं तर पोरं दिवसभर उपाशी राहतात, पाणी तोडतात, स्वेटर घालून पळतात, आणि काट्यावरून उतरल्यावर लिटर-लिटर पाणी पितात. वाढत्या वयाच्या मुलाच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. पाणी कमी झालेल्या शरीराला पायात गोळे येतात, चक्कर येते, लक्ष राहत नाही, आणि पकडीत डोकं कुठे जातंय ते कळत नाही. उपाय सरळ आहे: वजन सामन्याच्या तासभर आधी घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घ्या. मग वजन तोडून काही मिळत नाही, कारण तसंच कोरडं पडून खेळावं लागतं. आंतरराष्ट्रीय कुस्तीतही २०१८ पासून वजन लढतीच्या दिवशी सकाळीच घेतात, आणि सलग दोन दिवस लढती असतील तर दोन्ही सकाळी. पॅरिसमध्ये २०२४ साली विनेश फोगट शंभर ग्रॅमने अपात्र ठरली ती दुसऱ्या दिवशीच्या वजनात. मोठ्या, जाणत्या खेळाडूची ही स्थिती, तर चौदा वर्षांच्या पोराला वजन तोडायला लावणाऱ्या प्रशिक्षकाला मंडळाने सरळ परत पाठवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मैदान: एक नाही, दोन मापं

पुरुष आणि कुमार मुलांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. महिलांचं आणि लहान गटांचं १२ बाय ८. दोन्हींत दोन्ही बाजूंचे एक-एक मीटरचे पट्टे राखीव असतात. झटापट (चढाई करणाऱ्याचा आणि बचावपटूचा स्पर्श) सुरू झाल्याशिवाय त्यात पाऊल पडलं तर खेळाडू बाद. म्हणजे झटापट होईपर्यंत मोठ्यांना खेळायला ८ मीटर रुंदी मिळते, लहानांना ६.

आतल्या रेषाही बदलतात. मोठ्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, बोनस रेषा ४.७५ वर आणि अंतिम रेषा ६.५ वर. छोट्या मैदानात हेच आकडे ३, ४ आणि ६. निदान रेषा म्हणजे चढाई करणाऱ्याने निदान एकदा ओलांडायलाच हवी अशी रेषा. तीही ओलांडली नाही आणि कोणाला हातही लावला नाही, तर परत आला तरी तो बाद.

बरीच मंडळं एकच १३ बाय १० चं मैदान आखतात आणि सगळे गट त्यावरच खेळवतात. ही चूक महाग पडते. ४५ किलोच्या सात पोरांना ८ मीटर रुंदी झाकता येत नाही. कोपरा आणि मधला रक्षक यांच्यात एवढी फट राहते की साखळी (हातात हात धरून घातलेला घेर) जुळतच नाही, चढाई करणारा हवा तसा फिरतो, आणि दर दोन-तीन मिनिटांनी लोण चढत राहतो, म्हणजे सगळा संघ बाद होतो. धावफलक फुगतो, पण पोरं पकड शिकत नाहीत. लहानांसाठी छोटं मैदान आखलं की तीच पोरं घोट्याची पकड, मांडीची पकड, साखळी सगळं करून दाखवतात. मॅटवर हे काम दुसऱ्या रंगाची चिकटपट्टी लावून होतं, मातीवर एक मैदान मोठं आणि दुसरं छोटं आखून. छोटं मैदान तयार झालंच आहे, तर मुलींचा गटही ठेवा. माप तेच लागतं, वेगळा खर्च नाही.

आखताना कोन काटकोनात आला की नाही ते कर्ण मोजून तपासा. १३ बाय १० च्या मैदानाचा कर्ण १६.४० मीटर यायला हवा, १२ बाय ८ चा १४.४२. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर एक कोपरा आखूड झालेला असतो, आणि कोपऱ्यावरच्या खेळाडूचं पाऊल रेषेवर पडलं की नाही यावरून दिवसभर भांडणं होतात. रेषा ५ सेंटीमीटरपेक्षा रुंद नको. मातीवर रेषेला फक्की वापरा. घर रंगवायचा चुना वापरू नका. घामाने ओला झालेला चुना कातडी आणि डोळे भाजतो, आणि कबड्डीत तोंड मातीत जातंच.

जिल्ह्याचा बराच भाग काळ्या जमिनीचा. ही जमीन वाळली की भेगाळते आणि पाणी मारलं की चिकटते, दोन्ही स्थितींत घोटा मुरगळतो. वरची अर्धा फूट काळी माती काढून चाळलेली लाल माती भरावी, तीत कुजलेलं शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळावा, आदल्या दिवशी हलकं पाणी मारून हलका रोलर फिरवावा. पायाची टाच किंचित रुतेल इतपत मऊपणा हवा. दर दोन सामन्यांनंतर फावड्याने सारखं करून पुन्हा शिंपडावं.

मॅट असेल तर प्रश्न वेगळे. एक बाय एक मीटरचे तुकडे एकमेकांत अडकवलेले असतात. १३ बाय १० साठी असे १३० लागतात, शिवाय कडेने सुरक्षेची एक ओळ. खालची जमीन सपाट नसेल तर तुकड्यांचे दात सुटतात, फट पडते आणि पायाचा अंगठा त्यात अडकतो. सामना थांबला की कडेकडेने फिरून दात दाबत राहणारा एक माणूस नेमाच. मॅटवर बूट लागतात. अनवाणी खेळलं तर तळपायाची साल निघते. आणि थंडीच्या दिवसांत नदीकाठच्या गावात संध्याकाळी सातनंतर दव पडतं. मॅट ओली झाली की सगळ्यात चपळ चढाईपटू पहिल्यांदा घसरतो. दर मध्यंतराला कोरड्या पोत्याने किंवा फरशी पुसायच्या मोठ्या वायपरने मॅट पुसून घ्या.

चिठ्ठ्या आणि पुढे चाल

बाद पद्धतीत जितके संघ, त्यापेक्षा एक कमी सामने होतात. प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो आणि शेवटी एकच उरतो, म्हणून. खुल्या गटात २२ संघ आले तर सामने २१.

पण २२ संघांच्या जोड्या लावत गेलात तर ११ उरतात, आणि ११ च्या जोड्या लागत नाहीत. म्हणून पुढचा २, ४, ८, १६, ३२ मधला आकडा बघायचा. २२ साठी तो ३२. बत्तीसमधून बावीस गेले, राहिले दहा. म्हणजे दहा संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल, न खेळताच ते दुसऱ्या फेरीत जातात. उरलेले बारा संघ सहा सामने खेळतात, सहा जिंकतात, आणि सहा अधिक दहा असे सोळा संघ दुसऱ्या फेरीत येतात. तिथून पुढे गाडी सरळ चालते.

पुढे चाल कोणाला, हे मंडळाच्या मर्जीवर सोडलं की संशय येतो. त्याला ठरलेली रीत आहे. आधी चिठ्ठ्या टाकून बावीस जागा भरायच्या. अकरा वरच्या अर्ध्यात, अकरा खालच्या अर्ध्यात. पहिली पुढे चाल खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, तिसरी खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, चौथी वरच्या अर्ध्यातल्या शेवटच्याला, आणि मग तोच क्रम आत सरकत जायचा. चिठ्ठ्या संघनायकांसमोर, शक्यतो लहान मुलाच्या हाताने काढा. एकाच गावचे दोन संघ असतील तर ते वेगवेगळ्या अर्ध्यांत टाकायचे, हेही चिठ्ठ्या काढण्याआधीच जाहीर करा. नंतर केलेली दुरुस्ती पक्षपात वाटते, मग हेतू कितीही चांगला असो.

घड्याळ

इथे बहुतेक मंडळं फसतात, म्हणून उदाहरण पूर्ण सोडवून बघू. नियमाने पुरुष आणि कुमार मुलांचा सामना २० मिनिटं, ५ मिनिटं मध्यंतर, पुन्हा २० मिनिटं. महिला आणि किशोर गट १५-५-१५. प्रत्येक संघाला प्रत्येक डावात अर्ध्या मिनिटाचे दोन टाइमआउट, म्हणजे चार मिनिटं त्यात जातात. नाणेफेक, दुखापत, एखादा वाद धरला तर २०-५-२० चा सामना तासभर घेतो आणि १५-५-१५ चा पाऊण तास. लहानांना गावात १०-५-१० खेळवतात, त्याला ३५ मिनिटं धरा.

समजा ४५ किलोत १६ संघ, ५५ किलोत १२ आणि खुल्यात २२.

४५ किलोचे १५ सामने, प्रत्येकी ३५ मिनिटं: ५२५ मिनिटं. ५५ किलोचे ११ सामने, प्रत्येकी ४५: ४९५ मिनिटं. खुल्या गटात पहिले १४ सामने १५-५-१५ खेळवले आणि उपांत्यपूर्व फेरीपासूनचे ७ पूर्ण वेळ खेळवले तर ६३० अधिक ४२०, म्हणजे १०५० मिनिटं. एकूण २०७० मिनिटं, साडेचौतीस तास.

दोन मैदानं असली तरी या वेळेचे सरळ दोन भाग होत नाहीत. तिन्ही अंतिम सामने आणि खुल्या गटाचे दोन उपांत्य सामने सगळ्या गावाला बघायचे असतात, ते एकाच मैदानावर होतात. ती २६० मिनिटं. उरलेल्या १८१० मिनिटांचे दोन भाग केले तर ९०५. दोन्ही मिळून ११६५ मिनिटं, म्हणजे १९ तास २५ मिनिटं.

हाताशी किती आहेत? शनिवारी दुपारी तीन ते रात्री दहा, सात तास. रविवारी सकाळी सात ते रात्री दहा, त्यातून जेवणाचा दीड तास आणि बक्षीस समारंभाचा अर्धा तास वजा केला की तेरा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा त्यापुढे जाता येत नाही. एकूण वीस तास. शिल्लक ३५ मिनिटं.

पस्तीस मिनिटं एका निखळलेल्या खांद्यात जातात. जतहून किंवा आटपाडीहून येणाऱ्या संघाची गाडी अडकली तर त्यातच जातात. मग रविवारी रात्री पाहुणे हारतुरे घेऊन बसलेले असतात, आणि मंडळ लहान गटाचा अंतिम सामना पाच-पाच मिनिटांवर आणतं. दोन दिवस खेळून तिथवर आलेल्या पोरांवर हा अन्याय आहे.

उपाय एकच: खुल्या गटाच्या प्रवेशिका १६ वर थांबवा. मग खुल्यात १५ सामने, ७८० मिनिटं. २७० मिनिटं वाचतात, दोन मैदानांवर विभागली की प्रत्यक्ष घड्याळात सव्वादोन तास. शिल्लक ३५ मिनिटांची दोन तास पन्नास मिनिटांवर जाते. सहा संघांची प्रवेश फी सोडावी लागते, हे खरं. त्या बदल्यात सामने पूर्ण वेळ होतात, आणि पुढच्या वर्षी संघ आपणहून लवकर नोंदणी करतात.

वेळापत्रक लावताना लहान गट शनिवारी दुपारी सुरू करा. शनिवारी शाळा सकाळची असते, पोरं मोकळी असतात. त्यांच्या फेऱ्या रविवारी उजेडात संपवा. अंतिम सामना मात्र रविवारी संध्याकाळी, खुल्या गटाच्या उपांत्य सामन्यांच्या अगदी आधी ठेवा. तेव्हा मैदानाभोवती गाव जमलेलं असतं. ४५ किलोच्या पोराला भरल्या मैदानात चढाई करायला मिळणं ही त्याची कमाई आहे, ती सकाळी आठच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर खर्ची घालू नये. लांबच्या संघांचा पहिला सामना रविवारी सकाळी नऊनंतर ठेवा. कुठल्याही संघाला दोन सामन्यांत किमान एक तास विश्रांती द्या. आणि ५५ किलोतला चांगला खेळाडू खुल्या गटातही उतरवायचा मोह सगळ्यांना होतो, तेव्हा एका खेळाडूला एकच गट ही अट ठेवा. थकलेला पाय पकडीत अडकला की गुडघा जातो.

टीव्हीवर बघितलेले नियम

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून प्रेक्षकाला नियम तोंडपाठ झाले, पण अर्धवट. बोनस गुण समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच मिळतो, आणि त्यासाठी एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला असताना मागचा पाय हवेत असावा लागतो. अव्वल पकड म्हणजे समोर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेली पकड, तिला एक जादा गुण. सगळा संघ बाद केला की लोण, त्याचे दोन जादा गुण. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद.

या तिसऱ्या चढाईचा परिणाम गटागणिक वेगळा दिसतो. खुल्या गटात संघ मुद्दाम दोन चढाया रिकाम्या घालवतात आणि तिसरीला ताज्या दमाचा खेळाडू पाठवतात. लहान पोरांना हा हिशेब सामन्याच्या ओघात राहत नाही. म्हणून ४५ किलोत गुणलेखकाने तिसरी चढाई आली की मोठ्याने पुकारावं. नियम लावायचा की नाही, हे संघनायकांच्या बैठकीत ठरवा आणि अंतिम सामन्यापर्यंत बदलू नका.

बरोबरी झाली तर दोन्ही संघ सात-सात खेळाडू उतरवतात आणि प्रत्येकी पाच चढाया होतात, पाच वेगळ्या खेळाडूंच्या. त्यांची नावं क्रमाने आधीच सरपंचांकडे, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांकडे द्यायची. या वेळी निदान रेषाच बोनस रेषा धरतात, आणि बाद झालेला खेळाडू मैदानाबाहेर जात नाही, फक्त गुण मोजतात. कबड्डीचे जुने तीन प्रकार होते: संजीवनीत बाद खेळाडू पुन्हा जिवंत व्हायचा, गामिनीत व्हायचा नाही, आणि अमरमध्ये तो मैदानातच राहायचा. आजचा सामना संजीवनीवर चालतो आणि बरोबरी सुटते ती अमरच्या रीतीने. पाच चढायांनंतरही बरोबरी राहिली तर नाणेफेक करून सुवर्णचढाई, म्हणजे निकाल लावण्यासाठी जादा चढाई.

पंच

एका सामन्याला सहा माणसं लागतात: एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि बाद खेळाडूंच्या रांगेवर लक्ष ठेवणारे दोन सहायक. दोन मैदानांना बारा. सलग तीन सामने उभं राहिलेल्या पंचाची नजर रेषेवरून हटते, तेव्हा अठरा जण बोलवा आणि आळीपाळीने लावा. खर्च वाचवायला लहान गटाला मंडळातलेच कोणी पंच म्हणून उभे करतात. हे टाळा. दम तुटला की नाही, घोट्याची पकड चढाईपटू खाली पडल्यावरही ओढत नेली का, हे लहानांच्या सामन्यात जास्त काटेकोर बघावं लागतं, कारण चुकीची सवय तिथेच लागते.

सहायक गुणलेखकाचं काम कोणाला दिसत नाही, पण निम्मे वाद त्याच्या टेबलावर जन्मतात. खेळाडू ज्या क्रमाने बाद होतात त्याच क्रमाने परत येतात. रांगेत जागा बदलली तर नको असलेला चढाईपटू आधी मैदानात येतो. म्हणून बाद होणाऱ्याचा क्रमांक लगेच लिहायचा आणि त्याला त्याच क्रमाने बसवायचं. डाव संपला की दोन्ही गुणपत्रिका मुख्य गुणलेखकाच्या पत्रिकेशी ताडून संघनायकांची सही घ्यायची, मध्यंतरातच. सामना संपल्यावर पहिल्या डावातला गुण कोणी शोधू शकत नाही.

दुखापत

सामन्याआधी नखं तपासा, अंगाला तेल लावलं आहे का बघा, अंगठी-कडं-गंडा काढायला लावा. नियमातही तेच आहे.

खांदा निखळला तर तो जागेवर बसवून देणारा कोणीतरी गर्दीतून हमखास पुढे येतो. त्याला हात लावू देऊ नका. ओढताना शीर किंवा रक्तवाहिनी दाबली जाते, आणि हाडाला चीर गेली असेल तर ती वाढते. हात जसा आहे तसा ओढणीने छातीशी बांधा आणि दवाखान्यात न्या. घोटा किंवा गुडघा मुरगळला तर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, चोळू नका. गुडघ्यातून आवाज आला असेल आणि तासाभरात सूज चढली असेल, तर त्या खेळाडूने त्या दिवशी परत उतरायचं नाही, अंतिम सामना असला तरी.

डोक्याला मार लागून खेळाडू क्षणभरही शुद्धीत नसेल, किंवा गुण किती झाले, आपण कोणाशी खेळतोय हे त्याला सांगता येत नसेल, तर त्याचा खेळ तिथेच थांबवा. मान दुखते म्हणणाऱ्याला उठवून बसवू नका. डोकं-मान हलणार नाही असं धरा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका आत यायला वाट लागते, आणि मंडप, खुर्च्या, मोटारसायकली त्याच वाटेवर लावलेल्या असतात. शनिवारी सकाळी दोरी बांधून ती वाट आखून टाका आणि दोन्ही दिवस तिथे एक स्वयंसेवक उभा ठेवा.